वाहत्या कालव्यावरून लँगॉथ्लेनला: नॅरोबोट, वाफेची गाडी आणि पायवाटा

इंग्लंडमधल्या बहुतेक कालव्यांचं पाणी जागच्या जागी उभं असतं. लँगॉथ्लेन कालव्याचं वाहतं. वेल्समध्ये डी नदीवरच्या एका बंधाऱ्यापाशी रोज सुमारे १ कोटी २० लाख गॅलन, म्हणजे साडेपाच कोटी लिटर पाणी यात शिरतं आणि ७४ किलोमीटर वाहत चेशरमधल्या हर्लस्टनच्या जलाशयात पोचतं. तिथून ते लोकांच्या नळाला जातं. प्रवाहाचा वेग नुसत्या डोळ्यांना फारसा जाणवत नाही, पण दोन आठवड्यांचं सगळं वेळापत्रक त्यावरच बसवावं लागतं: जाताना वेळ हातात जास्त ठेवायचा, येताना कमी पुरतो. एका आठवड्यात जाऊन येणारे पुष्कळ असतात. त्यांच्या वाट्याला बोट चालवणं येतं, लँगॉथ्लेन गाव आणि तिथली वाफेची गाडी राहून जातात. इथे दिलेला बेत चौदा रात्रींचा आहे. चेशरमधल्या रेनबरीहून निघायचं, लँगॉथ्लेनला दोन रात्री राहायचं आणि परत यायचं. जाताना बारा लॉक (पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली नेणाऱ्या, दरवाजे असलेल्या कोठ्या), येताना तेच बारा.

दिवस १, शुक्रवार: रेनबरी

क्रू ते श्रूजबरी या रेल्वेमार्गावर रेनबरीचं छोटं स्टेशन आहे. गाडी इथे मागणीनुसार थांबते. उतरायचं असेल तर गार्डला आधी सांगावं लागतं, चढायचं असेल तर फलाटावरून हात करावा लागतो. स्टेशन गावाबाहेर आहे, त्यामुळे सामान जड असेल तर टॅक्सी आदल्या दिवशीच सांगून ठेवावी.

बोट दुपारी ताब्यात मिळते. ब्रिटनमध्ये नॅरोबोट, म्हणजे या कालव्यांवरची अरुंद, लांबट बोट, चालवायला परवाना लागत नाही, म्हणून तासाभराच्या प्रात्यक्षिकाकडे नीट लक्ष द्यायचं. बोटीची रुंदी ६ फूट १० इंच असते, कारण लॉक जेमतेम सात फुटी आहेत. लांबी निवडणं आपल्या हातात असतं. चार माणसांना ५५ ते ५८ फूट पुरते. साठच्या पुढची बोट या कालव्याच्या वळणांवर नवख्याला जड जाते.

टिलर (सुकाणूचा दांडा) डावीकडे ढकलला की बोटीचं नाक उजवीकडे वळतं, हे अर्ध्या तासात हाताला कळतं. उशिरा कळते ती दुसरी गोष्ट: पंखा फिरत नसेल तर सुकाणूचा उपयोग नाही. घाबरून इंजिन न्यूट्रलला आणलं की बोट आपल्या मनाने जाते. तिला ब्रेकही नाही. थांबायचं तर रिव्हर्स टाकायचा आणि पंधरावीस टनांचं धूड सावकाश थांबेपर्यंत वाट पाहायची. वेगमर्यादा ताशी ४ मैल आहे, पण प्रत्यक्षात तीनच्या वर कोणी जात नाही. नांगरलेल्या बोटी दिसल्या की चारपाच बोटींचं अंतर आधीपासूनच इंजिन सर्वांत मंद करायचं, कारण आपल्या मागे ओढलं जाणारं पाणी त्यांच्या खुंट्या उपटतं. समोरून बोट आली तर आपण उजवीकडे.

निघण्यापूर्वी मोजून घ्यायचं सामान: दोन विंडलस (लॉकची पॅडलं, म्हणजे पाणी सोडायची झडपं, फिरवायचा हातोडीएवढा दांडा, एक पाण्यात पडतोच), पाण्याचे नळ आणि विजेवरचे पूल उघडणारी कालव्याची किल्ली, हातोडी, लोखंडी खुंट्या आणि काठाच्या लोखंडी पत्र्याला अडकवायचे आकडे. स्वयंपाकघरात प्रोपेनची शेगडी असते आणि पाच लिटरचा कुकर तीवर आरामात बसतो. मिक्सरचं मात्र आधी विचारावं. बोटीवरची वीज १२ व्होल्टच्या बॅटरीतून इन्व्हर्टरमार्गे येते आणि छोटा इन्व्हर्टर ७५० वॅटच्या मिक्सरला उभं राहू देत नाही. ओलं वाटण घरून करून फ्रीजमध्ये आणावं. तूरडाळ, पोहे, गोडा मसाला हे मँचेस्टर किंवा बर्मिंगहॅमहूनच भरून घ्यावं, कारण वाटेवरच्या गावांत ते मिळेल याची खात्री नाही.

दिवस २: चार सुटे लॉक

रेनबरीत उचलपूल आहेत. रस्त्यावरचा मोठा पूल विजेवर चालतो. किल्ली घालून बटण दाबून धरलं की आधी वाहनांचे अडसर पडतात, मग पूल उठतो. पूल पूर्ण बसेपर्यंत किल्ली बाहेर निघत नाही, त्यामुळे मागच्या बोटीलाही जाऊ देणार असाल तर ते आधी ठरवा. शेतांमधले पूल हाताने उचलायचे असतात. पूल उचलला की बोट पूर्ण पार होईपर्यंत तिथल्या माणसाने जागा सोडायची नाही, आणि सुकाणूवाल्याने केबिनची कड पुलाच्या तिरक्या फळीपासून लांब ठेवायची.

मग एकेक करून मारबरी, क्वॉइस्ली, विलीमोर आणि पोव्हीज. चारही लॉक सुटे, मध्ये बरंच अंतर, म्हणून शिकायला उत्तम. वर चढताना क्रम असा: लॉक रिकामं आहे का पाहायचं. भरलेलं असेल आणि वरून कोणी येत असेल तर पाणी त्यांचं, आपण थांबायचं. रिकामं करून खालचा दरवाजा उघडायचा, बोट आत घ्यायची, दरवाजा लावायचा, खालची पॅडलं पूर्ण खाली आहेत याची खात्री करायची. मग वरचं जमिनीतलं पॅडल अर्धंच उचलायचं. पाणी आत येताच बोट पुढेमागे ओढली जाते. ती स्थिरावली की पॅडल पूर्ण. दरवाजातली पॅडलं ती पाण्याखाली गेल्याशिवाय उघडायची नाहीत, नाहीतर धबधबा थेट पुढच्या बैठकीत. चढताना सगळं लक्ष बोटीच्या नाकावर हवं. नाक वरच्या दरवाजाच्या आडव्या लाकडाखाली अडकलं आणि पाणी चढत राहिलं तर बोट बुडते. तसं दिसलं की पहिलं काम वरची पॅडलं बंद करणं. ओरडणं नंतर.

दोन्ही बाजूंचे रबरी फेंडर लॉकमध्ये शिरण्यापूर्वी वर घ्यायचे, कारण सात फुटांत ते पाचरीसारखे रुततात. विंडलस दांड्यावर लावून सोडायचा नाही. खिट्टी निसटली तर तो गरगरतो आणि मनगट मोडतो.

प्रवाहाची पहिली ओळख याच लॉकांपाशी होते. लॉक बंद असलं तरी पाणी थांबत नाही, ते बाजूच्या मोरीतून खाली येतं आणि लॉकच्या तोंडाशी आडवं घुसतं. हळू जावं म्हणून अगदी मंद गतीने शिरणारी बोट तिथे हमखास पलीकडच्या भिंतीवर ढकलली जाते. उपाय उलटा आहे: वेग थोडा जास्त ठेवायचा आणि नाक मोरीच्या बाजूला रोखायचं. प्रवाह ते सरळ करून देतो.

मारबरी लॉकवरून गाव पंधरा मिनिटांच्या चालीवर आहे. तळी, चर्च, शेतातली वाट. पाय मोकळे करायला पुरेसं. मुक्काम ग्रिंडली ब्रुकच्या अलीकडे.

दिवस ३: ग्रिंडली ब्रुक आणि व्हिटचर्च

सहा लॉक. खालचे तीन सुटे, वरचे तीन एकमेकांना चिकटलेले: एकाचा वरचा दरवाजा तोच पुढच्याचा खालचा. हंगामात इथे लॉककीपर असतो आणि त्याला विचारल्याशिवाय वरच्या तिनांत शिरायचं नाही. सकाळी लवकर पोचणं चांगलं. उन्हाळ्यात अकरानंतर रांग लागते आणि दोन तास जातात.

चढताना खालची कोठी रिकामी आणि वरच्या दोन्ही भरलेल्या हव्यात. प्रत्येक वेळी वरच्या कोठीतलं पाणी खालच्या कोठीत सोडून बोट उचलली जाते. मधली कोठी रिकामी असताना शिरलात तर उचलायला पाणीच नाही. खालची आधीच भरलेली असताना वरची सोडलीत तर पाणी कडांवरून सांडतं. उतरताना याच्या उलट: वरची भरलेली, खालच्या दोन रिकाम्या. लॉककीपर हे सगळं सांगतो, पण कारण माहीत असलं की आपला माणूस चुकीच्या पॅडलला हात लावत नाही.

फ्रॉडशॅमहून येणारी सुमारे ५५ किलोमीटरची सँडस्टोन ट्रेल ही पायवाट विलीमोरजवळ कालव्याला भेटते आणि काठाने व्हिटचर्चला संपते. बोटीवर दोघांनी राहावं, बाकीच्यांनी हा तुकडा चालून घ्यावा. चालणारे बोटीच्या आधी पोचतात.

व्हिटचर्चला कालव्याचा एक छोटा फाटा आहे. गाव तिथून वीसेक मिनिटांवर. मोठी खरेदी इथे. पाण्याची टाकीही भरून घ्या. टाकी पूर्ण भरायला अर्धा ते एक तास लागतो, म्हणून दोघे बाजारात आणि एक नळापाशी अशी वाटणी करावी.

दिवस ४: पीटची दलदल

आज लॉक नाही. कालवा सरळसोट विक्सल मॉसमधून जातो. फेन्स, विक्सल आणि बेटिसफील्ड मॉस हे इंग्लंड आणि वेल्सच्या सीमेवर पसरलेलं राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र आहे. हजारो वर्षं साचलेलं पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या शेवाळाची काळी, पाण्याने फुगलेली माती. यावर कालवा बांधणं हे या मार्गावरचं सर्वांत कठीण काम होतं असं आमचं मत आहे. फोटो मात्र सगळे पुढच्या जलसेतूंचे, म्हणजे दरीवरून कालवा नेणाऱ्या पुलांचे, निघतात. पीट वजनाखाली दबत राहतं, त्यामुळे काठ खचत राहायचे. दीडशेहून अधिक वर्षं मजुरांची एक कायमची टोळी माती टाकून काठ उंच करत होती. १९६०च्या दशकात लोखंडी पत्र्याच्या भिंती ठोकल्या तेव्हा ते काम थांबलं.

बोट बांधणाऱ्यासाठी याचा अर्थ सोपा आहे: इथे खुंटी धरत नाही. दोनदा हातोडी मारल्यावर ती लोण्यात सुरी जावी तशी आत जाते आणि पहिली बोट शेजारून गेली की तशीच बाहेर येते. काठाला पत्रा असेल तिथे आकडे वापरा. खुंटीच वापरावी लागली तर दोन खुंट्या एकमेकींना छेदतील अशा तिरक्या ठोका, आणि पुढच्या-मागच्या दोराखेरीज मधूनही एक दोर लावा.

मॉरिस ब्रिजजवळून मॉसवर आखलेल्या पायवाटा सुरू होतात. दीड ते दोन तासांचा फेरा पुरे. खुणेच्या खांबांबाहेर पाऊल टाकायचं नाही. हिरवी सपाट जमीन दिसते तिथे खाली पाणी असतं. मे-जूनमध्ये पांढऱ्या तोंडाचा एक दुर्मीळ चतुर इथे उन्हात दिसतो. पीट उपसणं १९९० मध्ये थांबलं. तेव्हापासून जुने चर बुजवून पाणी परत साठवणं चालू आहे. मुक्काम बेटिसफील्डला.

दिवस ५: एल्समिअर

तीन-चार तासांचा प्रवास, आणि त्यातला शेवटचा तास सगळ्या वाटेवरचा सर्वांत शांत. हिमयुगाने मागे ठेवलेली तळी कालव्याला खेटून आहेत. ब्लेक मिअरचं पाणी आणि कालव्याचं पाणी यांत फक्त काठची वाट आणि झाडांची एक रांग. कोल मिअरला थांबून तळ्याभोवती फिरता येतं. मग ८० मीटरचा छोटा बोगदा आणि गावाच्या फाट्यात. फाट्याच्या टोकाला सुपरमार्केट आहे, ट्रॉली बोटीपासून शंभर पावलांवर.

हे लहानसं गाव एका मोठ्या बेताचं केंद्र होतं. १७९३च्या कायद्याने स्थापन झालेल्या एल्समिअर कॅनल कंपनीला मर्सी नदीपासून श्रूजबरीला सेव्हर्नपर्यंत कालवा न्यायचा होता. मर्सीच्या टोकाला जे बंदर झालं त्याला याच गावाचं नाव मिळालं: एल्समिअर पोर्ट. मधला तुकडा, ट्रेव्हरहून चेस्टरकडे जाणारा, पैशाअभावी झालाच नाही. उरलेले तुकडे फिरवून जोडावे लागले. आज आपण ज्यावरून जातो तो हा जोडकालवा, आणि त्याची वळणं तशी का आहेत हे उद्या-परवा कळतं.

दिवस ६: फ्रँक्टन, न्यू मार्टन, चर्क बँक

लांब दिवस, सहा तास धरा. सकाळी इंजिनाचं तेल, कूलंट पाहून निघायचं. फ्रँक्टनला डावीकडे मॉन्टगोमरी कालवा सुटतो. त्याचे लॉक ठरावीक वेळात, आगाऊ नोंदणीनेच उघडतात, म्हणून मनात आलं आणि वळलो असं होत नाही. सरळ पुढे न्यू मार्टनचे दोन लॉक. जातानाचे हे शेवटचे, आणि खालून लँगॉथ्लेनला जाणारी प्रत्येक बोट यांतूनच जाते. रांग असेल तर कुरकुर न करता चहा टाकावा.

यापुढे प्रवाह जाणवतो. इंजिनाचा आवाज तोच, वेग कमी. अशा वेळी थ्रॉटल वाढवण्याचा मोह होतो. उथळ पाण्यात त्याने बोटीचा मागचा भाग खाली बसतो, मागे लाट उठते आणि वेग आणखी घटतो. लाट दिसली की थ्रॉटल कमी करायचा. बोट एकदम जड वाटू लागली, धूर काळा झाला, तर पंख्यात काहीतरी अडकलंय: पिशवी, दोरी, कधी साडीएवढं कापड. इंजिन बंद करून किल्ली खिशात घालायची, मागचं वीड हॅच (पंख्यावरचं झाकण) उघडायचं आणि हाताने किंवा सुरीने सोडवायचं. झाकण परत पक्कं आवळून बसल्याची खात्री झाल्याशिवाय इंजिन चालू करायचं नाही, कारण सैल झाकणातून पंखा पाणी थेट इंजिनाच्या खोलीत फेकतो आणि बोट मिनिटांत बुडू शकते.

रोज संध्याकाळी इंजिन बंद केल्यावर पंख्याच्या दांड्याजवळचा ग्रीसचा स्क्रू एक फेरा घट्ट करायचा, ठिबकणं थांबेपर्यंत.

दिवस ७: चर्क

सकाळी पहिला जलसेतू. चर्कचा हा पूल १८०१ मध्ये पुरा झाला. दहा कमानी, २१ मीटर उंची. याच्या शेजारी, अगदी हाताच्या अंतरावर, याच्याहून उंच रेल्वेचा पूल आहे, १८४८चा, हेन्री रॉबर्टसनने बांधलेला. कालव्याला मागे टाकणाऱ्या तंत्राने असं मुद्दाम खांद्यावरून डोकावणं दुसरीकडे क्वचितच इतकं उघड दिसतं. पुलावरच इंग्लंड संपून वेल्स सुरू होतो.

पूल संपतो तिथेच ४२० मीटरचा बोगदा. दोन बोटी मावत नाहीत. तो सरळ असल्यामुळे पलीकडचं टोक दिसतं. आत दिवा दिसला तर थांबा. हेडलाइट लावा, छपरावरच्या कुंड्या, सायकली खाली घ्या. वर जाताना इथे वीस मिनिटं लागली तरी काही बिघडलेलं नाही: अरुंद नळीत बोटीने पाण्याची वाट अडवलेली असते आणि पाण्याला तिच्या बाजूने निघावं लागतं. सोबत्यांनी विजेरी घेऊन बोगद्यातल्या पायवाटेने चालावं, बोटीच्या पुढे राहतात.

बोगद्यानंतर चर्क स्टेशनजवळ बोट बांधून किल्ल्याला जाता येतं, सुमारे पाऊण तासाची चाल. बांधकाम १२९५च्या सुमारास सुरू झालेला हा किल्ला आजही पडझड न होता उभा आहे आणि नॅशनल ट्रस्टकडे आहे. बागेला दोन तास द्या. चर्कलाच एके काळी ग्लिन व्हॅली ट्रामवे ही खाणींची छोटी गाडी कालव्याच्या धक्क्यावर दगड आणून टाकायची. तिचा गेज, म्हणजे रुळांमधलं अंतर, २ फूट सव्वाचार इंच. ती १९३५ मध्ये बंद पडली.

पुढे व्हाइटहाउस बोगदा, १७५ मीटर, तोच नियम. मुक्काम व्रॉनकसल्तेला, जुन्या चुनाभट्ट्यांजवळ. संध्याकाळी खाली नदीकडे उतरा, जुन्या दगडी पुलावर उभे राहा आणि उद्या कशावरून जायचंय ते खालून बघून घ्या.

दिवस ८: पॉन्टकसल्ते

सहा-सातला निघा. नऊनंतर सहलीच्या बोटी आणि दिवसभाड्याच्या बोटी येतात.

टॉमस टेलफर्ड आणि विल्यम जेसप यांनी बांधलेला हा जलसेतू २६ नोव्हेंबर १८०५ रोजी खुला झाला. ३०७ मीटर लांब, ३८ मीटर उंच, १९ कमानी. दगडी खांबांवर ओतीव लोखंडाची पन्हळ, आत पाणी. दगडी पन्हळीत चिकणमातीचा जाड थर घालावा लागला असता आणि त्या वजनाला खांब दुप्पट जाड लागले असते. लोखंडामुळे खांब बारीक राहिले, आणि वरच्या भागात ते पोकळही आहेत. २००९ पासून हा आणि सोबतचा १८ किलोमीटर कालवा जागतिक वारसा यादीत आहे.

पायवाट एका बाजूला, तिला कठडा. दुसऱ्या बाजूला पन्हळीची कड पाण्याच्या जेमतेम वीतभर वर, आणि तिच्यापलीकडे काही नाही. लहान मुलं केबिनमध्ये किंवा मोठ्यांच्या हाताशी, लाइफजॅकेट घालून. ज्यांना उंचीची भीती आहे त्यांनी टिलर धरू नये. एकच बोट मावते, तेव्हा समोरून कोणी शिरलेलं नाही हे आधी पाहा. मध्येच थांबलात तर प्रवाह मागे ढकलतो. थ्रॉटल स्थिर ठेवा, बोट पन्हळीला घासली तर घासू द्या.

पलीकडे गेल्याबरोबर सरळ रस्ता ट्रेव्हरच्या धक्क्यात जाऊन संपतो. चेस्टरकडे जाणारा न झालेला कालवा तो हाच. आपल्याला डावीकडे काटकोनात, पुलाखालून वळायचंय. हे वळण मूळचं नाहीच. उत्तरेचा मार्ग रद्द झाल्यावर त्या बाजूने मिळणारं पाणीही गेलं, म्हणून डी नदीवरून पाणी आणणारी चारी खोदली आणि तीच पुढे बोटींची वाट झाली. म्हणूनच ट्रेव्हर ते लँगॉथ्लेन कालवा इतका अरुंद आणि उथळ आहे. अंतर सुमारे सहा किलोमीटर, वेळ दोन तास. खडकातून काढलेल्या तुकड्यांत दोन बोटी अजिबात मावत नाहीत. एकाने फोन घेऊन पुढे चालत जायचं, समोरची बाजू मोकळी असल्याचं कळवायचं, मगच बोटीने शिरायचं. हे न करणाऱ्या दोन बोटी समोरासमोर आल्या की एकीला अर्धा किलोमीटर रिव्हर्सने जावं लागतं, आणि रिव्हर्समध्ये नॅरोबोट वळत नाही.

याच तुकड्यात, सन बँकजवळ, ७ सप्टेंबर १९४५च्या पहाटे काठ फुटला. कालव्याच्या पाण्याने खालच्या रेल्वेचा भराव वाहून नेला आणि टपाल आणि मालाची गाडी त्या खिंडारात कोसळली. चालक मरण पावला. त्याआधीच्या वर्षी संसदेच्या कायद्याने हा कालवा बोटींसाठी बंद झाला होता. तरीही काठ दुरुस्त केला गेला, कारण पाणी विकलं जात होतं. शेजारच्या जिल्ह्यांतले कितीतरी कालवे त्या काळात बुजवले गेले. हा पाइपलाइन म्हणून वाचला.

लँगॉथ्लेनच्या गोदीत सशुल्क मुक्काम, वीज आणि पाणी आहे. उन्हाळ्यात कमाल मुदत ४८ तास. पुढे इंजिनाच्या बोटींना बंदी. दुपारी दिनस ब्रान. कालव्यावरच्या पुलापासूनच वाट वर जाते. तेराव्या शतकातल्या वेल्श किल्ल्याचे अवशेष, समुद्रसपाटीपासून ३२० मीटर. सह्याद्रीतले गड चढलेल्यांना ही टेकडी वाटेल, पण शेवटचा चढ गवताळ आणि ओला असतो, गुळगुळीत तळाचे बूट नकोत. जुलैच्या सुरुवातीला यायचं टाळा. १९४७ पासून तेव्हा इथे आंतरराष्ट्रीय संगीत महोत्सव भरतो आणि गोदीत जागा मिळत नाही.

दिवस ९: वाफेची गाडी आणि घोड्याच्या नालाचा बंधारा

स्टेशन धक्क्यावरून पाच मिनिटांच्या उतारावर, डी नदीच्या पुलाला लागून. रुआबॉन ते बारमथ या जुन्या मार्गाचा हा उरलेला तुकडा. इथे रेल्वे आणणारा अभियंताही चर्कच्या पुलाचा हेन्री रॉबर्टसनच. डिसेंबर १९६४च्या पुराने मार्ग उखडला आणि जानेवारी १९६५ मध्ये प्रवासी वाहतूक संपली. रूळही उपटले गेले. १९७५ पासून स्वयंसेवकांनी एकेक स्टेशन करत ते परत टाकले. कॅरॉगला १९९६ मध्ये पोचले, कॉर्वेनला २०१४ मध्ये, आणि कॉर्वेनचं आजचं स्टेशन २०२३ मध्ये उघडलं. एकूण १६ किलोमीटर. २०२१ मध्ये चालवणारी कंपनी दिवाळखोरीत गेली होती. सध्या गाड्या धर्मादाय विश्वस्त संस्था चालवते.

गाडी रोज नसते, आणि असते त्या प्रत्येक दिवशी वाफेचं इंजिन नसतं. काही फेऱ्या जुन्या डिझेल रेलकारच्या असतात. वेळापत्रक बोट भाड्याने घेण्यापूर्वी पाहा आणि नवव्या दिवसाचा वार त्यावरून ठरवा. जाताना उजवीकडची खिडकी घ्या, नदी त्या बाजूला आहे. ग्लिनडव्हरद्वी हे स्टेशन वेल्श लोकांसाठी नुसतं स्टेशन नाही. इथल्याच आपल्या जहागिरीत ओवेन ग्लिनडूरने १६ सप्टेंबर १४०० रोजी स्वतःला वेल्सचा राजपुत्र जाहीर करून बंड पुकारलं. कॉर्वेनच्या चौकात त्याचा घोड्यावरचा पुतळा आहे.

परतताना लँगॉथ्लेनपर्यंत यायचंच नाही. बर्विनला उतरा. चेन ब्रिजवरून नदी ओलांडली की समोर कालवा. आधी डावीकडे, प्रवाहाच्या वरच्या अंगाला जा. दहा मिनिटांत टेलफर्डचा १८०८चा बंधारा येतो: १४० मीटरची, घोड्याच्या नालासारखी वळलेली कड, उंची फारशी नाही. बाजूच्या लहान घरात कालव्यात जाणारं पाणी मोजलं जातं. मग मागे फिरून काठाने गावाकडे, सपाट तीन किलोमीटर. वाटेत घोड्याने ओढायच्या बोटी भेटतील. त्या १८८४ पासून चालू आहेत. दोर आडवा येतो तेव्हा कालव्यापासून लांबच्या कडेला सरकून उभं राहायचं.

वेळ उरला तर व्हॅले क्रूसिसचा १२०१चा मठ गावापासून अडीच किलोमीटरवर आहे.

दिवस १० ते १४: परत

पहाटे गोदी सोडा, अरुंद तुकडे रिकामे मिळतात. आता पाणी मागून ढकलतं. व्रॉनकसल्ते ते चर्क कमी वेळात होतं, पण थांबायला जास्त अंतर लागतं आणि पाणी बोटीसोबतच चालल्यामुळे सुकाणू मऊ लागतं. पुलाखालच्या अरुंद जागेच्या बऱ्याच आधी वेग कमी करा आणि वळण लवकर सुरू करा.

लॉक आता उतरायचे. इथला धोका मागे असतो. वरच्या दरवाजाच्या आत पाण्याखाली दगडी उंबरा आहे आणि त्याची जागा भिंतीवर पांढऱ्या रेघेने दाखवलेली असते. बोटीचं मागचं टोक त्या रेघेच्या पुढे नसेल तर पाणी उतरताना ते उंबऱ्यावर टेकतं, नाक खाली जातं आणि बोट भरते. सुकाणूवाल्याने टिलर सोडायचा नाही. मागचा भाग उतरायचा थांबला असं वाटताच खालची पॅडलं बंद, वरची सावकाश उघडी.

मुक्काम जातानाच्या गावांत न करता मधल्या शेतांत करावेत. मनाईचा फलक नसेल तिथे पायवाटेच्या काठाला बोट बांधायला परवानगी लागत नाही. शौचालयाची पेटी व्हिटचर्च किंवा ग्रिंडली ब्रुकला रिकामी करून घ्या. शुक्रवारी सकाळी नऊला बोट द्यायची असते, म्हणून गुरुवारी संध्याकाळीच रेनबरीजवळ येऊन थांबा. ज्यांच्याकडे आणखी दोन दिवस आहेत त्यांनी खाली हर्लस्टनपर्यंत जावं: बॅडिलीचे तीन, स्वॉनलीचे दोन आणि हर्लस्टनचे चार लॉक. पाणी जलाशयात उतरतं ते तिथेच. बोट वळवायला मुख्य श्रॉपशर युनियन कालव्यावर बार्बरिजपर्यंत जावं लागतं.